पार्लमेंट वालावलला पोचवताना

सिंधुदुर्गातून लोक काजू, कोकम आणि माशांच्या गोष्टी घेऊन येतात. मी तिकडे इंग्लंडची पार्लमेंट पोचवायला गेले होते. परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, एवढ्या लांब, एकटी, ती काचेची चित्रं घेऊन कशी गेलीस? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आमचे वडील इंग्रजीचे शिक्षक. महाबळेश्वरला एका जुन्या बंगल्याचं सामान विकायला निघालं तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या आणि आरसे घेतले, वडिलांनी चार चित्रं आणली. तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर बारीक रेषा कोरायच्या, त्यांत शाई भरायची आणि वरून ओला कागद दाबून छाप घ्यायचा, अशी ती छापचित्रं. रंग एकच, काळा. पण जवळून पाहिलं तर मखमलीची मखमल कळते आणि म्हाताऱ्याच्या गालावरची सुरकुतीही.

चारही चित्रं इंग्लंडच्या राजकारणातल्या प्रसंगांची. एकात राजा शिपाई घेऊन पार्लमेंटात घुसलेला. दुसऱ्यात एक सेनापती सभासदांना सभागृहातून हाकलून देतोय. तिसऱ्यात एक म्हातारा उमराव भाषण करता करता कोसळलाय. चौथ्यात हिंदुस्थानातून परत गेलेल्या गव्हर्नरावर खटला चाललाय आणि सज्जात बायकांची ही गर्दी. आमच्या लहानपणी वडील जेवण झाल्यावर एकेका चित्रापुढे उभे राहून गोष्ट सांगत, आणि राजाचा आवाज काढला की तो शेजारी ऐकू जाई.

आता आमची इमारत पाडून नवीन होणार आणि मी मुलाकडे राहायला जाणार. त्याच्या घरात भिंतींपेक्षा खिडक्या जास्त आहेत. जुन्या वस्तू घेणाऱ्याला बोलावलं तर तो म्हणाला, "सागवानी फ्रेमा घेतो, चित्रं तुम्ही काढून घ्या." त्या दिवशी मी नलिनीला फोन केला.

नलिनी माझी कॉलेजातली मैत्रीण. कुडाळहून वालावलला जाणाऱ्या वाटेवरच्या एका हायस्कुलात ती मुख्याध्यापिका आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आण. आमच्या वाचनालयाची भिंत रिकामी आहे." कुरियरवाल्यांनी काच म्हटल्यावर हात जोडले. मग मी सुताराकडून प्लायवुडची चपटी पेटी करून घेतली, चित्रं जुन्या दुलईत गुंडाळली आणि पुण्याहून निघाले.

तळेरे

कोल्हापूरला विजयदुर्गची गाडी मिळाली. पेटी वरच्या फळीवर मावेना, तेव्हा कंडक्टरने ती शेवटच्या बाकामागे उभी केली. गगनबावड्याचा घाट उतरताना मी तीनदा मागे वळून पाहिलं. घाट उतरल्यावर मात्र आंब्याचा मोहोर दिसायला लागला, खिडकीतून त्याचा वास आला आणि माझं लक्ष पेटीवरून उडालं.

तळेऱ्याला रस्ता फुटतो. गाडी समुद्राकडे जाते आणि कुडाळला जाणाऱ्याने उतरून दुसरी गाडी धरायची. मी उतरले. हातात पिशवी, खांद्याला पर्स. टपरीवर चहा घेतला, गरम वडा घेतला. वडा खरोखर चांगला होता. अर्धा खाऊन झाल्यावर हात मोकळा का वाटतोय याचा विचार केला आणि उरलेला अर्धा तसाच ठेवून पळत सुटले.

चौकशीच्या खिडकीत एक गृहस्थ बसले होते.

"पेटीत काय आहे?" त्यांनी फोन लावता लावता विचारलं.

"पार्लमेंट," मी म्हणाले. धाप लागली होती.

त्यांनी फोन कानापासून दूर धरला. "काय आहे?"

"चित्रं. पार्लमेंटची चित्रं."

त्यांचा चेहरा निवळला. कंडक्टरशी ते मालवणीत बोलले, मग माझ्याशी शुद्ध मराठीत. "पेटी सुरक्षित आहे. पण गाडी आता मागे फिरणार नाही. विजयदुर्गला धक्क्याजवळ एक खानावळ आहे, तिथे उतरवून ठेवतील. तुम्ही मागच्या गाडीने जा."

"आणि कुडाळ?"

"कुडाळ उद्याही तिथेच असेल," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

नलिनीला फोनवर सांगितलं तेव्हा ती चिडली नाही. उलट म्हणाली, "बरं झालं. एक दिवस मिळाला." कशासाठी मिळाला, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

विजयदुर्ग

खानावळ म्हणजे कौलारू घराची पुढची पडवी. आत शिरले आणि दारातच थबकले. माझी पेटी उघडलेली होती. चारही चित्रं भिंतीला ओळीने टेकून ठेवलेली, आणि त्यांच्यासमोरच्या बाकांवर तीन माणसं बांगड्याचं झणझणीत तिखलं आणि भात जेवत होती. जेवता जेवता त्यांची चर्चा चालली होती ती कोसळलेल्या उमरावाबद्दल.

"जेवान जड झाला आसतला," एकजण म्हणाला.

आतून खानावळीच्या मालकीणबाई आल्या. सगळे त्यांना रमाकाकी म्हणत होते. साठीच्या, नऊवारी नेसलेल्या, हाताला पीठ.

"पुण्यासून इल्यात त्या तुमीच मा? पेटी उतरवताना आत काच वाजली, म्हणान उघडलंय. रागाव नको हां."

राजाच्या चित्राची काच फुटली होती. रमाकाकींनी सगळे तुकडे वेचून एका डब्यात ठेवले होते आणि चित्रावरून कोरडं फडकं फिरवलं होतं. कागदाला ओरखडासुद्धा नव्हता. मी खाली बसून बोटाने कोपरे तपासले, तोपर्यंत त्यांनी माझ्यासाठी पान वाढलंही होतं.

"आधी जेवा. मगे त्या माणसाची गोष्ट सांगा. ह्ये मघापासून भांडतत."

तेव्हा मी तांदळाची भाकरी आणि बांगडा खात खात गोष्ट सांगितली. पुण्यात आमच्याकडे जेवताना बोललं की ठसका लागतो म्हणतात. इथे न बोलता जेवणाऱ्याला बरं नाही की काय असं विचारतात. मी सांगितलं की हा म्हातारा फार मोठा पुढारी होता. अमेरिकेतल्या वसाहतींचं काय करायचं यावर सभेत वाद चालला होता. त्याला चालवत नव्हतं, तरी मुलाच्या आणि जावयाच्या आधाराने तो आला, बोलायला उभा राहिला आणि कोसळला.

"आजारी होतो, मगे तेका आणल्यानी कित्याक?" रमाकाकींनी विचारलं.

"त्यालाच यायचं होतं."

"तर मगे कोण अडवतलो," त्या म्हणाल्या. "आमचो सासरो असोच. अंगात ताप, तरी होडयेर जातलंय म्हणान बसलेलो. दोघांनी धरून धक्क्यापर्यंत नेलो, बोट बगल्यान आणि मगे गप घराक इलो."

जेवणारा एकजण हात धुऊन चित्राजवळ गेला आणि कोसळलेल्या माणसाकडे आता जरा आदराने पाहू लागला.

त्या रात्री मी रमाकाकींकडेच राहिले. सकाळी किल्ल्यावर गेले. तीन तटांच्या आत शिरलं की वारा एकदम पडतो आणि बुरुजावर चढलं की एकदम अंगावर येतो. खाली खडकावर पाणी आपटत होतं, लांबवर होड्या परतत होत्या. हा किल्ला इंग्रजांनी समुद्रातून येऊन घेतला आणि त्यात पेशव्यांची मदत होती, हे पुण्याच्या माणसाने इथे फार मोठ्याने बोलू नये. मी बोलले नाही. भेटलेल्या म्हाताऱ्याने कुठून आलात विचारलं, तेव्हा कोल्हापूरहून म्हणाले. कोल्हापूरला गाडी बदलली होती, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

निघताना रमाकाकींनी राजाच्या चित्रावर टेबलावरचा प्लास्टिकचा कागद कापून घट्ट बसवून दिला होता. त्यावर मोठी लाल जास्वंदीची फुलं होती.

"काच मिळासर ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "राजा आसा, शोभता तेका."

वालावल

कुडाळला नलिनी तिची जुनी लाल मारुती घेऊन आली होती. पेटी मागच्या सीटवर आडवी घातली आणि आम्ही वालावलच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना काजू मोहोरलेले, मधूनच भाताच्या कापून झालेल्या कोरड्या शेतांचे चौकोन. लक्ष्मीनारायणाच्या देवळामागच्या तळ्याशी तिने गाडी थांबवली. पाण्यात माडांच्या सावल्या पडल्या होत्या. मी म्हणाले, किती छान आहे गं. ती म्हणाली, "मंदा, एक सांगायचं राहिलंय."

मग तिने सांगितलं. ही चित्रं आणायची म्हणून तिने मला होकार दिला खरा, पण शाळेच्या कमिटीला विचारलं नव्हतं. कमिटीचे अध्यक्ष अण्णा परुळेकर. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, आता काजूची बाग बघतात. त्यांना ही गोष्ट शिपायाकडून कळली. संध्याकाळी चारला कमिटीची सभा होती आणि तीत माझी चित्रं हा तिसरा विषय होता.

"मग आधी का नाही विचारलंस?"

"मी विचारलं की ते नाही म्हणतात."

"नेहमी?"

नलिनीने नजर पाण्याकडे वळवली. "विचारलंय कुठे कधी," ती म्हणाली.

मला राग आला, तो वाटेत कुठे गेला नाही. नाही म्हणाले तर मी ही पेटी घेऊन पुन्हा तळेरे, पुन्हा घाट, आणि पुढे कुठे? त्या फ्रेमावाल्याकडे? नलिनीला मी हे बोलून दाखवलं. ती गप्प बसली. तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला गप्प बसलेलं पाहून मला जास्तच भीती वाटली.

सभा वाचनालयातच होती. लांब टेबल, सात माणसं, मध्ये कांदाभज्यांचं ताट. आम्ही चित्रं कपाटांना टेकून लावली. जास्वंदीच्या फुलांखाली राजा कोणालाच दिसत नव्हता, म्हणून मी तो कागद सोडवून बाजूला ठेवला.

अण्णा परुळेकर उंच, कडक इस्त्रीचा सदरा, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी कचेरीतल्या मराठीत सुरुवात केली.

"सभेपुढील विषय क्रमांक तीन. पुण्याच्या भगिनींनी शाळेस चित्रे देऊ केली आहेत. त्याबद्दल त्यांचे आभार. सदर चित्रे स्वीकारावीत किंवा कसे, यावर सभासदांनी मत मांडावे."

कोपऱ्यात बसलेले एक वकील लगेच बोलले. "इंग्रज गेले. त्यांच्या पार्लमेंटची चित्रं आपल्या शाळेत कशाला? मुलांनी काय शिकायचं, टोप्या कशा घालायच्या?"

दोघे हसले. अण्णा हसले नाहीत. "वकिलांचा आक्षेप नोंदवला. माझा वेगळा आहे. चित्रे कोणाची, हा प्रश्न नंतरचा. होकार कोणी दिला? मुख्याध्यापिकांनी परस्पर दिला." इथवर कचेरीचं मराठी टिकलं, मग ते घसरलं. "बाई, गेल्या वर्षी हॉलाक रंग दिल्यात, इचारल्यात? नाय. वर्गावर येणारो आंब्याचो खांदो तोडल्यात. मोहोरलेलो खांदो. इचारल्यात? नाय. आता भिंती भरूक निघाल्यात. कमिटी कित्याक आसा, भजी खाऊक?"

नलिनीचे कान लाल झाले. ती काही बोलणार तेवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या एक बाई म्हणाल्या, "पण ती चित्रं आहेत कसली, ते तरी कळू दे. ताई, तुम्ही सांगा."

मी उभी राहिले. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून वडील करायचे तिथूनच केली. राजाच्या चित्रापासून.

"हा इंग्लंडचा राजा. पार्लमेंटातले पाच सभासद त्याच्या विरोधात बोलत होते. त्यांना पकडायचं म्हणून तो स्वतः शिपाई घेऊन सभागृहात शिरला. तोपर्यंत कुठलाही राजा असा आत आलेला नव्हता. तो सरळ अध्यक्षांच्या खुर्चीशी गेला, तिच्या पायरीवर उभा राहिला आणि नजर फिरवली. ते पाचजण आधीच होडीने पळाले होते. राजा म्हणाला, पाखरं उडालेली दिसतात. मग त्याने अध्यक्षांना विचारलं, ते कुठे आहेत ते दाखवा."

"हो गुडघ्यावर बसलेलो कोण?" अण्णांनी विचारलं. ते खुर्ची मागे सारून उठले होते.

"तेच अध्यक्ष. घाबरलेले आहेत, बघा. गुडघे टेकलेत. पण ते म्हणाले, महाराज, या जागी मला स्वतःचे डोळे नाहीत आणि स्वतःची जीभ नाही. सभा सांगेल तेवढंच मी पाहतो आणि तेवढंच बोलतो."

वाचनालयात कोणी भज्याला हात लावत नव्हतं. मला वडिलांचा आवाज आठवला आणि मीही जरा जोर चढवला.

"राजाने पुन्हा एकदा बाकांवर नजर फिरवली. तो आला तसा परत गेला. मागून सभासद ओरडत होते, आमचा हक्क, आमचा हक्क. कारण भांडण त्या पाचजणांचं राहिलंच नव्हतं. भांडण हे होतं, की सभेला न विचारता..."

आणि मी थांबले. काय बोलतेय ते मला तोंडातून निघाल्यावर कळलं. नलिनीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"थांबल्यात कित्याक?" अण्णा म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "सांगा. सभेक न विचारता काय?"

कोणीतरी खोकलं. आणि मग मागून हसण्याचा आवाज आला. नलिनी हसत होती. आधी तोंडावर पदर धरून, मग तोही सोडून. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. हसू आवरल्यावर ती उभी राहिली.

"अण्णा, रंगाचं मी विचारायला हवं होतं. फांदीचंही हवं होतं. घाई असायची आणि तुम्ही नाही म्हणाल असं मीच ठरवून टाकायचे. ते चुकलं." तिने चष्मा पुसला. "ही चित्रं मंदाच्या वडिलांची आहेत. ती वाचनालयात लावायला सभेची परवानगी मिळावी, अशी माझी विनंती आहे. नाही म्हणालात तर मी स्वतः पुण्याला नेऊन पोचवीन."

अण्णा पुढे झाले. राजाच्या चित्राजवळ जाऊन त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, गुडघे टेकलेल्या अध्यक्षांकडे वाकून पाहिलं, आणि सरळ झाले.

"राजान असा विचारला नाय," ते म्हणाले. "विचारला असता तर बरा झाला असता."

मग ते खुर्चीवर बसले आणि पुन्हा कचेरीचं मराठी सुरू झालं. मतं घेतली. वकिलांनी हात वर केला नाही. "माझा विरोध कायम," ते म्हणाले, "पण ते शेवटचं चित्र कसलं?"

मी सांगितलं की तो बंगालचा गव्हर्नर. इथे लूट केली, जुलूम केले, असे आरोप ठेवून त्याच्यावर त्याच्याच पार्लमेंटने खटला भरला. खटला वर्षानुवर्षं चालला. लंडनच्या बायका नाटकाला जावं तशा नटून ऐकायला येत.

"आणि शिक्षा?"

"सोडून दिला."

"सोडलो?" वकिलांचंही मराठी घसरलं. "मगे ह्या चित्र पयला लावा. दारासमोर. पोरांका कळांदे." आणि तीन चित्रांना विरोध, एकाला पाठिंबा, असं त्यांनी लिहून घ्यायला लावलं. अण्णांनी ते फार आनंदाने लिहून घेतलं. विरोधी मत नोंदवताना त्यांचा चेहरा देवळातला प्रसाद मिळाल्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रं लागली. कुडाळहून नवी काच आली. चार चित्रं आणि सात सभासद, त्यामुळे खिळा कुठे मारायचा यावर प्रत्येकाचं म्हणणं होतं, आणि नलिनी प्रत्येक खिळ्यागणिक सगळ्यांना विचारत होती. शेवटी अण्णाच वैतागले. "बाई, खिळ्याक परवानगी नको हो."

दुपारी त्यांनी आम्हाला घरी जेवायला नेलं. सोमवार असल्याने मासे नव्हते. काळ्या वाटाण्याचं सांबार, गरम वडे आणि सोलकढी, वाढायला अण्णांच्या घरच्या काकी आणि आग्रहाला स्वतः अण्णा. मागच्या दारी काजूची बाग, तिकडून वारा येत होता. माझ्या मनावरचं ओझं असं उतरलं होतं की मी किती वडे खाल्ले ते मला सांगता येणार नाही. वडिलांना हे घर आवडलं असतं, एवढंच सारखं वाटत होतं.

जेवण निम्म्यावर आलं तेव्हा अण्णांनी हात थांबवला.

"ताय, एक विचारूचा ऱ्हवला. त्या राजाचा फुडे काय झाला?"

मी नलिनीकडे पाहिलं. ती सोलकढी पीत होती.

"पुढे लढाई झाली," मी म्हणाले. "पार्लमेंट आणि राजा यांच्यात. राजा हरला. त्याच्यावर खटला चालला आणि त्याच्याच वाड्यासमोर, सगळ्या लोकांदेखत, त्याचं डोकं उडवलं."

काकींचा वाढता हात हवेतच राहिला. अण्णांनी सावकाश मान वळवून नलिनीकडे पाहिलं. नलिनीने वाटी खाली ठेवली.

मग अण्णांनी वड्यांचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"जेवा, बाई, जेवा," ते म्हणाले. "आमच्या कमिटीचो तितको विचार नाय."